बोटीच्या तळात पाणी साचतं कुठं, निघतं कसं? बसण्याआधी एवढं बघा

जिंतूर : येलदरीच्या धरणात बोटी चालतात. गोदावरीला पूर आला की पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना मोटरबोटीची वाट बघावी लागते. लाईफ जॅकेट घालायचं, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण बोटीच्या तळात पाणी किती आहे, हे कोणी वाकून बघत नाही.

बोट फुटली तरच आत पाणी येतं असं नाही. लाटा, पाऊस, ओले कपडे, सैल झालेले जोड, असं थोडं थोडं पाणी फळ्यांखालच्या सगळ्यात खोल जागी साचतं. त्या जागेला बिल्ज म्हणतात.

शंभर लिटर पाणी म्हणजे एक क्विंटल वजन. सोयाबीनचं पोतं ठेवलं तिथं राहतं, पाणी राहत नाही. बोट कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि बोट आणखी कलते. 21 मे 2024 रोजी उजनी धरणात वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. तळात पाणी असलेली बोट अशा वाऱ्यात लवकर दगा देते.

पाणी काढायच्या सोयी दोन. पहिली बुचाची. बऱ्याच बोटींना मागच्या बाजूला तळाशी भोक असतं. बोट काठावर ओढली की बूच काढून पाणी सोडायचं आणि पाण्यात लोटण्याआधी घट्ट बसवायचं. बूच विसरलं तर? एक इंचाचं भोक पाण्याखाली फूटभर असेल, तर मिनिटाला साधारण 40 लिटर पाणी आत येतं. पंधरा मिनिटांत सहा क्विंटल!

दुसरी सोय बिल्ज पंपाची. हा 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, कूलरच्या पंपासारखा पाण्यातच बसतो. सोबत फ्लोट असतो. पाणी वाढलं की फ्लोट वर येतो, पंप सुरू. पाणी उतरलं की बंद. ही वायर फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडलेली असावी, म्हणजे इंजिनाची चावी बंद असली तरी पंप चालतो.

छोट्या पंपावर ताशी 500 गॅलन लिहिलेलं असतं. म्हणजे मिनिटाला साधारण 31 लिटर. हेड वाढलं की आपल्या मोटरचं पाणी कमी होतं, तसंच इथंही होतं. म्हणून एक इंचाच्या भोकापुढं हा पंप हरतो. पंप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो सारखा सुरू होत असेल तर बोट कुठंतरी गळतेय असं समजा.

पाइपचं बाहेरचं तोंड पाण्याच्या बरंच वर पाहिजे. माणसं जास्त भरून ते बुडालं, तर पंप थांबल्यावर ड्रममधून पाइपनं डिझेल काढतो तसं नदीचं पाणी उलटं आत येऊ शकतं.

बसण्याआधी हे विचारा :
- बूच बसवलंय का?
- फळीखाली पाणी किती आहे?
- फ्लोट हातानं उचलल्यावर पंप सुरू होतो का?
- पंपाच्या जाळीत पालापाचोळा, प्लास्टिक अडकलंय का?
- बादली बोटीत आहे का? बॅटरी गेली तर उपसायला तीच कामाला येते.

पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचं बटण दाबू नका, ठिणगी पडू शकते. विचारायला लाजू नका. काठावर पाच मिनिटं गेली तरी चालतील.