नेपच्यून सरकला, प्लूटो ओढला गेला

प्लूटोची कक्षा ग्रहांच्या शिस्तीत बसत नाही. ती ग्रहांच्या प्रतलाशी सुमारे १७ अंशांचा कोन करते आणि इतकी लांबट आहे, की १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता. तरीही दोघांची टक्कर होत नाही. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या वेळात प्लूटोच्या दोन होतात. या तालामुळे प्लूटो सूर्याजवळ येतो तेव्हा नेपच्यून नेहमीच दूर असतो. यालाच कक्षीय अनुस्पंदन म्हणतात.

हा ताल जुळला कसा? उत्तराचा पहिला धागा १९८४ मध्ये हुलिओ फर्नांडेझ आणि विंग-हुएन इप यांनी दिला. ग्रह तयार झाल्यावर त्यांच्याभोवती बर्फाळ खडकांचा प्रचंड राडारोडा उरला होता. होडीतून जड दगड भिरकावला, की होडी उलट दिशेला थोडी सरकते. नेपच्यूनने असे असंख्य खडक आत, सूर्याकडे भिरकावले आणि तो स्वतः बाहेर सरकत गेला. युरेनस आणि शनीही बाहेर सरकले. आत आलेले खडक अखेर गुरूच्या तावडीत सापडले. त्याने त्यांतले बहुतेक सूर्यमालेबाहेर फेकले, त्यात ऊर्जा खर्ची पडली आणि तो किंचित आत आला.

दिल्लीत जन्मलेल्या, आयआयटी दिल्लीत शिकलेल्या रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये पुढचा दुवा जोडला. बाहेर सरकणाऱ्या नेपच्यूनबरोबर त्याच्या अनुस्पंदनाची जागाही बाहेर सरकली. वाटेत सापडलेला प्लूटो त्यात अडकला आणि पुढे ओढला गेला. या ओढाताणीत त्याची कक्षा लांबट होत गेली. आजचा लांबटपणा येण्यासाठी नेपच्यून किमान पाच खगोलीय एकके, म्हणजे सुमारे ७५ कोटी किलोमीटर सरकला असला पाहिजे, असे गणित सांगते.

असे झाले असेल तर प्लूटो एकटाच अडकलेला नसणार. १९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यातला पहिला लहानसा सदस्य सापडला होता. त्यानंतरच्या शोधांत प्लूटोसारख्याच ३:२ तालात फिरणारे शेकडो खडक मिळाले. त्यांना ‘प्लूटिनो’ म्हणतात.

२००६ मध्ये प्लूटोचे ग्रहपद गेले. पण महाकाय ग्रह आज आहेत तिथे जन्मले नाहीत, याची सर्वांत भक्कम साक्ष याच बटुग्रहाने आणि त्याच्या साथीदारांनी दिली आहे.