तंजावरचा सरस्वती महाल : नवे तंत्र आणि नेतृत्व

नवी यंत्रे विकत घेतली म्हणजे संस्था पुढे जातेच असे नाही. यंत्र कशासाठी आणावयाचे, ते कोण चालविणार आणि त्याचा लाभ कोणाला होणार, हे ठरविणारी व्यक्ती तिच्या प्रमुखपदी असावी लागते. संगणकाच्या युगात या गुणास ‘डिजिटल नेतृत्व’ म्हणतात. नाव नवे आहे, गुण मात्र जुनाच.

तमिळनाडूतील तंजावर येथे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात मराठ्यांचे राज्य स्थापिले. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजी राजे 1798 साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला व आसपासचा थोडा मुलूख एवढेच उरले. सत्तेची स्पर्धा संपली होती. विद्येचे क्षेत्र तेवढे मोकळे होते.

सरफोजींनी 1805 साली देवनागरी टाइपांचा छापखाना सुरू केला. 1806 साली तेथे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर छापले गेले. मुंबईतील मराठी मुद्रणाला बहर येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. राजवाड्यात थोर संस्कृत ग्रंथांचा संग्रह असताना मुलांना वाचता येईल असे पुस्तक छापावे, हा निर्णय छापखाना आणण्याहूनही मोलाचा म्हटला पाहिजे. धन्वंतरी महालातही हीच दृष्टी दिसते. तेथील नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवल्या गेल्या. त्यामुळे एका रुग्णावरून मिळालेले ज्ञान पुढच्या वैद्याच्या उपयोगी पडू शकले.

राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय 1918 साली सर्वांसाठी खुले झाले. तेथे सुमारे 49,000 हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत ग्रंथ सर्वांत अधिक असून तमिळ, मराठी व तेलुगू ग्रंथही आहेत. ताडपत्र काळाने ठिसूळ होते, कागदाला कसर लागते आणि प्रत्येक हाताळणीने मूळ प्रत झिजते. प्रतिमा संगणकात साठविल्या म्हणजे मूळ प्रत वारंवार बाहेर काढावी लागत नाही आणि दूर राहणाऱ्या अभ्यासकालाही ती पाहता येते.

परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते. तंजावरातील पुष्कळसे मराठी दप्तर मोडी लिपीत आहे. कागदावर काय आहे, तो कोणी व केव्हा लिहिला, याची नोंद नसेल, तर तो पेटीत हरवला काय आणि संगणकात हरवला काय, सारखेच. बर्नेल या इंग्रज विद्वानाने या संग्रहातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची 1880 साली प्रसिद्ध केली, तेव्हा संगणक नव्हता. तरीही येथे काय आहे हे दूरच्या विद्वानांना त्या सूचीमुळे कळले.

हस्तलिखितांसाठी 2003 साली राष्ट्रीय अभियान सुरू झाले. 2025 साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ‘ज्ञान भारतम्’ योजनेत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे उद्दिष्ट आहे. प्रतिमा घेणारे यंत्र पैसे देऊन आणता येते. मोडी वाचणारा मनुष्य मात्र शिकवून, पगार देऊन आणि काही वर्षे वाट पाहून तयार करावा लागतो. त्यासाठी खर्च मंजूर करणे ग्रंथालयाच्या प्रमुखाच्या हाती असते.