खारं धुकं आणि खरा किनारा

मिठाच्या धुक्यात हजार तास टिकलेला रंग खाडीवरच्या पुलावर अमुक इतकी वर्षं टिकेल, असा हिशेब मांडणं चूक आहे. 1939 पासून प्रमाणित असलेल्या खाऱ्या धुक्याच्या चाचणीत रंगवलेल्या पोलादी पट्टीवर थेट धातूपर्यंत चरा पाडतात आणि बंद पेटीत 35 अंश सेल्सिअसला 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं तिच्यावर अखंड सोडतात. चऱ्यापासून गंज रंगाखाली किती सरकला, फोड कुठे आले, हे मग पाहतात. पण पेटीत ऊन नसतं आणि पट्टी कधी वाळतही नाही. किनाऱ्यावर अतिनील किरणं रंगातलं रेझिन झिजवतात. पोलाद रात्री दवानं भिजतं, दुपारी सुकतं. जस्ताच्या प्रायमरवर तर पेटी अन्यायच करते. उघड्यावर भिजण्या-सुकण्यात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जस्तावर संरक्षक थर धरतो. सततच्या ओलीत तो नीट धरत नाही.

कुणी म्हणेल, किनाऱ्यावरच्या निकालाची वर्षानुवर्षं वाट कोण पाहणार? अडचण खरी आहे. म्हणूनच समुद्रातल्या बांधकामांसाठीच्या आयएसओ 12944-9 या मानकात आठवड्याची फेरी आहे: 72 तास अतिनील किरणं आणि दव, 72 तास खारं धुकं, 24 तास उणे 20 अंश. अशा 25 फेऱ्या, म्हणजे 4200 तास. तरीही अमेरिकेतल्या क्युरी बीचला समुद्रापासून 25 आणि 250 मीटरवरच्या पोलादाच्या गंजण्यात मोठा फरक पडतो. मग एकच पेटी कुठल्या किनाऱ्याचं भाकीत करणार? धुक्याची पेटी बॅचची प्रत तपासायला ठेवावी. कोकणातल्या पुलांच्या निविदा काढणाऱ्यांनी मात्र फेऱ्यांच्या चाचणीचा अहवाल आणि किनाऱ्यावर उघड्या ठेवलेल्या पट्ट्यांची नोंद, दोन्ही मागावीत.