गॅस्ट्रिक बायपास : वजन उतरतें तरी किती ?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ निंदित पुरुषांची गणना आहे. तींत अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिकृष्ण, अतिगौर यांच्या पंक्तीला अतिस्थूलही बसविलेला असून, स्थूलापेक्षां कृश बरा असा कौलही तेथेंच दिलेला आहे. ती निंदा आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाहीं. जेवावयास बसलेल्या जाड सुनेच्या पानाकडे सर्वांची नजर कशी वळते, हें वाचकांस सांगावयास नको. अशा घरांत गॅस्ट्रिक बायपासची गोष्ट निघाली कीं पहिला प्रश्न एकच : किती किलो उतरतील ? डॉक्टर एक सरासरी सांगतात, आणि घरचीं माणसें तिला वचन समजतात. पुढें तीनचार वर्षांनीं पांचसात किलो परत आले, कीं "जिभेवर ताबा नाहीं" म्हणून त्याच माणसाला दुसऱ्यांदा दोष लागतो. हा दोष बहुधा अन्यायाचा असतो, आणि तें आंकड्यांवरूनच दाखवितां येतें.

प्रथम ही क्रिया काय आहे तें पाहूं. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं ती प्रथम केली. व्रणासाठीं जठराचा भाग काढलेल्या रोग्यांचें वजन सहसा वाढत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. हल्लीं जठराच्या वरच्या टोकाशीं सुमारें ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून तिला लहान आंतड्याचा पुढचा भाग जोडतात. बाकीचें जठर काढून टाकीत नाहींत, तें जागच्या जागीं असतें. अन्न मात्र त्याला वळसा घालून जातें. शिवाय भूक व तृप्ति यांचे निरोप मेंदूस पोंचविणारे आंतड्यांतील स्रावही बदलतात, म्हणून केवळ पोट लहान झालें एवढ्यानेंच माणूस कमी जेवतो असें नव्हे.

आतां आंकडे. स्वीडनमध्यें १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासांत बायपास झालेल्यांचें वजन एकदोन वर्षांत मूळच्या सरासरी ३२ टक्क्यांनीं उतरलें, आणि १० वर्षांनंतर तें मूळापेक्षां २५ टक्क्यांनीं कमी राहिलें. अमेरिकेंतील युटा येथील अभ्यासाचा १२ वर्षांचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें सरासरी घट दुसऱ्या वर्षीं ४५ किलो, सहाव्या वर्षीं ३६ किलो आणि बाराव्या वर्षीं ३५ किलो होती. म्हणजे दुसऱ्या व सहाव्या वर्षांच्या दरम्यान सरासरीनें ९ किलो परत आले, आणि नंतर वजन जवळजवळ स्थिर राहिलें. आपल्या सुनेचे परत आलेले पांचसात किलो या हिशेबांत आधींच धरलेले आहेत !

शाळेंत आम्ही मुलांस सांगत असूं कीं वर्गाची सरासरी ४५ गुण आली, तरी नेमके ४५ मिळविणारा मुलगा वर्गांत एकही नसूं शकेल. युटामधील ज्या ३८७ जणांचें वजन बाराव्या वर्षीं घेतलें, त्यांपैकीं ३६० जणांची घट निदान १० टक्के, २७१ जणांची निदान २० टक्के आणि १५५ जणांची निदान ३० टक्के टिकली होती. उतरलेलें सर्व वजन परत आलेले अवघे चौघे निघाले. शेजारच्या घरांतील कोणाचें काय झालें, यापेक्षां हा पसारा पाहणें आम्हांस अधिक उपयोगी वाटतें.

टक्केवारींतही एक मेख आहे. कांहीं ठिकाणीं घट एकंदर वजनाच्या टक्क्यांनीं सांगतात, कांहीं ठिकाणीं केवळ 'जादा' वजनाच्या. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचें वजन १२० किलो आहे असें धरा. २५ या देहभारांकाच्या हिशेबानें तिला ६४ किलो पुरे, म्हणजे जादा ५६. ती ३६ किलोंनीं उतरली, तर एकंदर वजनाचे ३० टक्के झाले आणि जादा वजनाचे ६४. तेवढ्याच उंचीची ९६ किलोंची बाई आपल्या वजनाच्या ३० टक्के, म्हणजे सुमारें २९ किलो उतरली, तर जादा वजनाचे ९० टक्के गेले असें छापून येईल. जाहिरातींत कोणता आंकडा येतो, हें चतुर वाचकांनीं ओळखावें.

वजनाइतकेंच महत्त्व दुसऱ्या गोष्टींना आहे. युटामध्यें शस्त्रक्रियेपूर्वीं मधुमेह असलेल्यांपैकीं ७५ टक्क्यांचा मधुमेह दुसऱ्या वर्षीं ओसरलेला होता, बाराव्या वर्षीं ५१ टक्क्यांचा. स्वीडनमध्यें शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचें प्रमाणही कमी आढळलें.

मात्र लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ हीं जीवनसत्त्वें जन्मभर घ्यावीं लागतात. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत ब-१२ मुळांतच तुटपुंजें असतें, आणि वरणभाताच्या दोन घासांत प्रथिनें पुरीं पडत नाहींत. म्हणून पनीर, दहीं, उसळ हीं आधीं व भात मागाहून, असा क्रम ठेवावा लागतो. तरुण सुनेनें निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावयाची असते, याची समज सासूबाईंसही आधींच दिलेली बरी. आणि सणाच्या दिवशीं श्रीखंड-जिलबीचा आग्रह तिला करूं नये : एवढी साखर एकदम आंतड्यांत उतरली, कीं छाती धडधडते, घाम फुटतो, पोटांत कळा येतात, आणि तिला पानावरून उठून आडवें व्हावें लागतें.