घरांतील वेलीस फळ कसें धरेल ?

शहरांत हल्लीं पुष्कळ कुटुंबांस अंगण नाहीं. तेव्हां जाळी लावलेल्या सज्ज्यांत कुंड्या मांडून भोपळा, वांगीं लावण्याची हौस वाढली आहे. वेल फोफावते, फुलेंहि येतात. पण इवलेंसें फळ दिसतें न दिसतें तोंच पिवळें पडून गळतें. मग कोणी मातीस दोष देतो, कोणी दृष्ट लागली म्हणतो. खरें कारण बहुधा निराळेंच असतें. डांसांसाठीं लावलेल्या जाळीनें मधमाश्यांचीहि वाट अडविलेली असते, आणि त्यांचें काम दुसऱ्या कोणीं केलेलें नसतें.

मनुष्याच्या हातास तें काम साधेल काय ? मेक्सिकोंतील व्हॅनिलाची वेल रियुनियन बेटांत नेली, तेव्हां तिला फुलें येत, पण शेंगा क्वचितच धरत. १८४१ सालीं तेथील एडमंड अल्बिअस नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडीनें फुलांतील पडदा उचलून अंगठ्यानें पराग आंत दाबले, आणि शेंग धरली ! व्हॅनिलाच्या मळ्यांत आजहि हीच रीत चालते.

आपला तांबडा भोपळा त्याहून सोपा. त्याच्या एकाच वेलीवर दोन तऱ्हेचीं फुलें येतात. नराच्या फुलाचा देठ लांब व सडपातळ असतो. मादीच्या फुलाखालीं चिमुकला भोपळा आधींच दिसतो. प्रथम बहुधा नराचींच फुलें येतात. तीं वांझ समजून खुडूं नयेत. दोन्ही फुलें पहाटे उमलतात व दुपारपूर्वीं मिटतात, आणि मिटलेलें फूल पुन्हां उघडत नाहीं. म्हणून शाळेस निघण्यापूर्वींच हें काम उरकावें. नराचें फूल खुडून पाकळ्या काढाव्या, आणि मधला परागांनीं माखलेला दांडा मादीच्या फुलांतील कुक्षीच्या तिन्ही भागांवर हळूच फिरवावा. येथें कंजूषपणा नको. प्रत्येक बीं धरण्यास एक तरी परागकण लागतो. बिया थोड्या धरल्या, तर फळ गळतें किंवा एका अंगास खुरटून वेडेंवांकडें होतें.

दुध्याचीं पांढरीं फुलें मात्र सायंकाळीं उमलून रात्रींच्या पतंगांची वाट पाहतात. त्याचें काम दिवेलागणीस करावें.

वांगें व टोमॅटो ह्यांच्या एकाच फुलांत दोन्ही अवयव असतात. पण वांग्याचे पराग केसरांच्या टोकांवरील छिद्रांतून हालविल्यावांचून नीट पडत नाहींत, जणूं मिठाची डबीच. भुंगा फुलास बिलगून अंग थरथरवितो, तेव्हां ते झडतात. मधमाशीला ही विद्या नाहीं. आपण भर दुपारीं देठावर बोटानें दोन टिचक्या माराव्या, आणि फूल ताजें आहे तोंवर रोज माराव्या.