फलकावरचे अध्यक्ष

तुम्ही पिंपरी-चिंचवडकर असाल, तर चौकाचौकांतले फ्लेक्स तुमच्या चांगलेच ओळखीचे असणार. वर मोठ्या साहेबांचा फोटो, मधोमध वाढदिवस असलेल्या 'दादां'चा त्याहून मोठा फोटो आणि खाली पंधरा-वीस छोटे चेहरे. परवा आकुर्डीला सिग्नलवर थांबलो होतो. नववीतल्या माझ्या भाच्यानं असाच एक फलक मोठ्यानं वाचून काढला आणि विचारलं, "मामा, एका पक्षाला इतके अध्यक्ष कशाला लागतात रे?"

प्रश्न रास्त होता. प्रभाग अध्यक्ष, विधानसभा अध्यक्ष, शहराध्यक्ष. शिवाय विद्यार्थ्यांचे वेगळे, युवकांचे वेगळे! पण गंमत अशी, की नीट वाचलं तर पक्षाची सगळी रचना त्या फलकावरच सापडते. ती खालून वर जाणारी एक शिडी असते.

शिडीच्या पायऱ्या

पक्षांना मतं हवी असतात, म्हणून शिडीही मतदारसंघांच्या हिशोबानं बांधलेली असते. सगळ्यांत खाली बूथ, म्हणजे मतदान केंद्र. त्यावर प्रभाग. मग विधानसभा मतदारसंघ. आपल्या शहरात असे तीन आहेत : पिंपरी, चिंचवड आणि भोसरी. त्यावर शहर, मग प्रदेश म्हणजे महाराष्ट्र आणि शेवटी देश.

भोसरीहून नाशिक रस्त्यानं चाकणला गेलात, की शिडी बदलते. चाकण खेड तालुक्यात येतं. २०१५ मध्ये तिथं नगरपरिषद झाली असली, तरी तिथला कार्यकर्ता आधी तालुक्याकडे आणि मग जिल्ह्याकडे बघतो. म्हणजे एकाच कारखान्यात शेजारी शेजारी काम करणारे दोन मित्र एकाच पक्षात असूनही वेगवेगळ्या शिड्यांवर असू शकतात!

मग विद्यार्थ्यांची शाखा वेगळी कशाला? कारण तिचं काम कॉलेजात असतं. प्रवेश, फी, वसतिगृह, परीक्षेचे अर्ज, बसचा पास असे तिचे विषय. युवक शाखेत नोकरी करणारे आणि शोधणारेही येतात. युवक काँग्रेसमध्ये तर पस्तिशीपर्यंत 'युवक' राहता येतं!

यातल्या काही संघटना बऱ्याच जुन्या आहेत. एआयएसएफ १९३६ सालची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची. एसएफआय १९७० ची आणि काँग्रेसची एनएसयूआय १९७१ ची. शिवसेनेची युवासेना २०१० मध्ये आली. राष्ट्रवादी काँग्रेसनं २०१२ मध्ये मुलींसाठी युवती काँग्रेस काढली. भाजपचा युवा मोर्चा आहे. १९४९ ची अखिल भारतीय विद्यार्थी परिषद मात्र स्वतःला कोणत्याही पक्षाची शाखा म्हणवत नाही. पण भाजपचे अनेक नेते तिच्यातूनच पुढे आले.

शिडी चढलेली माणसं

शरद पवारांनी पुण्यात कॉलेजात असताना युवक काँग्रेसचं काम केलं आणि १९६७ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते आमदार झाले. देवेंद्र फडणवीस विद्यार्थी परिषदेतून आले. १९९२ मध्ये ते नागपूरचे नगरसेवक झाले आणि १९९७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी महापौर. पक्ष वेगळे, पण सुरुवातीची पायरी सारखीच. काहींना घराण्यामुळे वरच्या पायरीवरूनच सुरुवात करता येते, हेही तुमच्या लक्षात आलं असेलच.

आता खरी मेख. शिडीवरून आदेश भराभर खाली येतात : 'सभेला शंभर पोरं आणा', 'झेंडे लावा'. पण खालचा आवाज वर जातो का? शाखेचा अध्यक्ष खालच्या मुलांनी निवडलेला असेल, तर त्याला त्यांचं ऐकावं लागतं. वरून नेमलेला असेल, तर तो वरच बघतो. युवक काँग्रेसनं २००८ मध्ये पंजाबात पदाधिकारी मतदानानं निवडून पाहिले. पण बहुतेक ठिकाणी नियुक्तीचं पत्र वरूनच येतं.

आपल्या कॉलेजांतही तेच झालं. निवडणुकांत मारामाऱ्या होऊ लागल्या म्हणून त्या बंद पडल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं गुणांवरून वर्गप्रतिनिधी ठरू लागले. २०१६ च्या कायद्यात पुन्हा थेट निवडणुकांची तरतूद आली, पण प्रत्यक्ष मतदान लांबतच राहिलं. मतदान करून प्रतिनिधी निवडण्याची सवय कॉलेजात लागलीच नाही, तर ती लागणार कुठे?

"मग मी जाऊ का?"

एवढं ऐकल्यावर भाचा हळूच म्हणाला, "मामा, आमच्या गल्लीतल्या दादांनी प्रचारफेरीला बोलावलंय. टी-शर्ट आणि वडापाव मिळणार आहे."

दादा कुठल्या पक्षाचे, ते जाऊ द्या. नियम सगळ्यांना सारखाच आहे. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगानं पक्षांना बजावलं, की पत्रकं वाटणं, घोषणा देणं, फेरीत फिरणं यांसारख्या प्रचाराच्या कामाला मुलांना लावू नका. आई-बाबांबरोबर सभा ऐकायला गेलात, तर तो गुन्हा नाही. झेंडा मात्र तुमच्या हातात नको.

पालकांनीही एक ध्यानात ठेवावं. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्या कामावर घेताना पोलिस पडताळणीचा दाखला मागतात. एखाद्या दंग्यात नाव आलं, तर वडापाव फार महागात पडतो.

म्हणजे राजकारणापासून लांब राहायचं का? मुळीच नाही! १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. एकविसाव्या वर्षी नगरसेवकपदाची निवडणूक लढवता येते. पुढे एखाद्या शाखेत जावंसं वाटलं, तर आधी तीन प्रश्न विचारा. इथला अध्यक्ष कोण निवडतं? गेल्या वर्षी आमच्यासारख्यांचं कोणतं काम झालं? आणि मला एखादी गोष्ट पटली नाही, तर बोलता येईल का?

भाचा फेरीला गेला नाही. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी एक पत्र लिहिलं : शाळेजवळच्या बसथांब्याला छप्पर नाही, पावसात दप्तरं भिजतात. त्याच्या तीन प्रती काढून त्या फलकावरच्या तीन अध्यक्षांना दिल्या. आता रोज शाळेतून आला, की तो पहिल्यांदा विचारतो, "उत्तर आलं?"

शिडी भक्कम आहे की नुसतीच फ्लेक्सवर छापलेली, ते त्या उत्तरावरूनच कळणार आहे.