दुष्काळाचा डबा आणि फौजेची थैली

गेल्या दिवाळींत आम्ही सारीं भावंडें चिखली तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं जमलों होतों. भाऊबिजेचीं जेवणें आटोपून मंडळी पडवींत पानसुपारी घेत बसली असतां वर्तमानपत्रांतील एका मथळ्यावरून वाद निघाला. शेजारच्या एखाद्या देशांत अंदाधुंदी माजली, तर आपल्या सरकारनें तेथें फौज धाडावी कीं नाहीं, असा तो प्रश्न होता. माझा पुतण्या सैन्यांत अधिकारी होण्याच्या परीक्षेची तयारी करीत आहे. तो म्हणाला, "काका, जें राष्ट्र उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावयास भितें, त्यास जगांत कोण विचारतो?" माझी भाची घाटाखालीं संग्रामपुराकडे एका शाळेंत शिक्षिका आहे. ती लागलीच उसळून म्हणाली, "दादा, आमच्या शाळेंतल्या मुलांच्या घरच्या विहिरी खारट आहेत. तें पाणी आधीं गोड करून द्या, आणि मग जा कोठें जायचें तें!"

ज्या वाचकांस आमचा बुलढाणा जिल्हा ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं सांगावयास हवें कीं, अजिंठ्याच्या डोंगररांगेनें त्याचे दोन भाग केले आहेत. वरचा तो घाट आणि उत्तरेकडील पूर्णेच्या खोऱ्याचा भाग तो घाटाखालचा मुलूख. ह्या खोऱ्यांत बुलढाणा, अकोला व अमरावती ह्या तिन्ही जिल्ह्यांतून एक खारपाणपट्टा गेलेला आहे. जमीन काळीभोर, कापसास उत्तम. पण जमिनींतलें पाणी खारें. तें पिऊन मूत्रपिंडाचे विकार जडतात, अशी तिकडच्या गांवांची पुष्कळ वर्षांची तक्रार आहे. भाचीचा संताप वाचीव नव्हता. तो तिच्या रोजच्या पाहण्यांतला होता.

वाद हातघाईवर येणार, इतक्यांत आत्याबाई आंतून म्हणाल्या, "भांडतां कशाला? तुमच्या पणजीच्या फडताळांत चार डबे असत. एक सणावाराचा, एक औषधपाण्याचा, एक पाहुण्यारावळ्यांचा आणि एक बियाण्याचा. पाहुणा आला तर सणाच्या डब्यांतून पैसे काढीत, सण आला तर पाहुण्याच्या. बियाण्याच्या डब्यास मात्र कुलूप असे, आणि त्याची किल्ली तुमच्या पणजोबांजवळसुद्धां नसे."

पुतण्या हंसला. मला मात्र त्या रात्रीं झोंप लागेना. राष्ट्रानें घर आधीं पाहावें कीं परराष्ट्रीं फौज धाडावी, हा प्रश्न आपण बहुधा तत्त्वाचा करून टाकतों, आणि मग जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणें शूर किंवा सावध बाजू घेतो. आत्याबाईंनीं तो डब्यांचा करून टाकला. आणि आमच्या जिल्ह्याचा इतिहास पाहिला, तर तो खरोखरच डब्यांचा प्रश्न आहे!

वऱ्हाडप्रांत इंग्रजांकडे आला, तो एका पलटणीचा पगार थकला म्हणून. निजामाच्या राज्यांत 'हैदराबाद कंटिंजंट' नांवाची एक फौज होती. नांव निजामाचें, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा आणि खर्च रयतेचा. त्या खर्चापायीं निजाम कंपनीचा ऋणको झाला. कर्ज चाळीस लाखांच्या वर गेलें. अखेर १८५३ सालीं लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत करार झाला आणि वऱ्हाडचा महसूल ह्या फौजेच्या पगारास लावून देण्यांत आला. मेहकर, चिखली, मलकापूर येथील कुणबी जो सारा भरूं लागला, त्यांतला पहिला हक्क पलटणीचा! आधीं विहीर, मग शिपाई, असा प्रश्न विचारण्याची सोयच त्या करारानें ठेविली नाहीं. आणि ती पलटण लढली कोणाशीं? १८५८ सालीं सर ह्यू रोज झांशीवर चालून गेला, तेव्हां त्याच्या सैन्यांत हैदराबाद कंटिंजंटच्या तुकड्या होत्या. राणी लक्ष्मीबाईंची गाथा आमच्या घराघरांत मुलींस सांगितली जाते; तिच्या शत्रूच्या शिपायांची भाकर मात्र आमच्या ज्वारीची होती, हें सांगितलें जात नाहीं.

येथें एक गंमतीची गोष्ट नमूद केल्याशिवाय राहवत नाहीं. परक्या देशांतील लढाईनें आमच्या जिल्ह्याचें नेहमींच नुकसान केलें, असेंहि नाहीं. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, दक्षिणेकडील बंदरें उत्तरेच्या आरमारानें कोंडलीं, आणि विलायतेच्या गिरण्या कापसासाठीं आमच्याकडे पाहूं लागल्या. खामगांवचा बाजार त्या तेजीवर वाढला, आणि १८७० सालीं जलंबहून खामगांवपर्यंत खास आगगाडीचा फांटा आला. युद्ध दुसऱ्यांचें आणि लाभ आपला, असा योग क्वचित् येतो. पण तेजी ओसरली, आणि तेजीच्या दिवसांत काढलेलीं कर्जें कुणब्यांच्या माथीं राहिलीं.

आतां कुलपाविना डब्याची गोष्ट ऐका. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत दक्षिण हिंदुस्थानांत पन्नास लाखांवर माणसें दगावलीं. सरकारलाहि हादरा बसला. लॉर्ड लिटन व त्याचे अर्थमंत्री सर जॉन स्ट्रॅची यांनीं ठरविलें कीं, पुढील दुष्काळांच्या तरतुदीसाठीं दरसाल दीड कोट रुपये निराळे काढावे. त्यासाठीं व्यापाऱ्यांवर परवान्याचा कर आणि कांहीं प्रांतांत जमिनीवर पट्टी बसविली. हा पैसा दुष्काळाखेरीज दुसऱ्या कशासहि लागणार नाहीं, अशीं वचनें दिलीं गेलीं. कल्पना उत्तम होती; शहाण्या गृहिणीस शोभणारी. पण १८७८ च्या नोव्हेंबरांत अफगाणिस्तानावर स्वारी झाली, आणि वर्षदीडवर्षाच्या आंतच दुष्काळाची रक्कम बाजूस ठेवणें थांबलें. कर मात्र थांबले नाहींत. स्वारीचा खर्च आरंभींच्या अंदाजाच्या कितीतरी पट झाला. १८८० सालीं हिशेबांतली ती भयंकर चूक उघडकीस आली, तेव्हां विलायतेंत गिल्बिला झाला आणि ग्लॅडस्टनच्या सरकारास ५० लक्ष पौंड आपल्या पदरचे घालावे लागले. बाकीचें हिंदुस्थानानें भरलें. काबूलच्या गादीवर कोण बसावें, ह्याची काळजी नागर-मद्रासच्या भुकेल्यानें कां वाहावी, हें त्यास कोणी विचारलें नव्हतें.

१८८५ सालीं मुंबईस राष्ट्रसभेची पहिली बैठक भरली. तीत उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याच्या धोरणाविरुद्ध ठराव झाला आणि वाढत्या लष्करी खर्चाविरुद्धहि झाला. आमच्या वाडवडिलांनीं अगदीं पहिल्या दिवसापासून हा प्रश्न ओळखला होता, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें १८९९-१९०० चा दुष्काळ आला, आणि ह्या खेपेस तो आमच्या दारांत आला. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारींत ४ लाख २३ हजारांच्या आसपास भरली. दहा वर्षांत शेंकडा बारांनीं घटलेली. दर आठ माणसांमागें जवळजवळ एक माणूस कमी! सरकारनें मदतीचीं कामें काढलीं, हें नाकारतां येणार नाहीं. पण त्याच सुमारास हिंदुस्थानांतून पलटणी नाताळच्या रणांगणावर आणि पेकिंगच्या वाटेवर जहाजांत चढत होत्या. त्या मोहिमांचा बराच खर्च विलायतेनें सोसला, हेंहि खरें. म्हणूनच तेव्हांच्या पुढाऱ्यांनीं नेमका प्रश्न केला : इतकें सैन्य परदेशीं जाऊनहि येथें कांहीं बिघडत नसेल, तर एरवीं तें आमच्या खर्चानें पोसतां कशासाठीं? १९०२ सालीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांतील आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणांत नामदार गोखल्यांनीं सरकारच्या शिलकी खजिन्याचें बिंग फोडलें. रयत भुकेली असतां खजिना भरलेला दिसणें ही भरभराट नव्हे, हा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. त्याच वर्षीं लॉर्ड कर्झननें निजामाकडून वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें घेतलें. कंटिंजंट लवकरच मोडून हिंदी सैन्यांत मिसळली. जिच्या पगारासाठीं आम्ही गहाण पडलों, ती पलटण गेली. गहाण मात्र सुटलें नाहीं.

पहिल्या महायुद्धाविषयीं फार लिहीत नाहीं. १९१७ सालीं हिंदुस्थानच्या नांवें १० कोट पौंडांची 'देणगी' ब्रिटनला देण्यांत आली, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत ज्या प्रांतांत मृत्यूचें प्रमाण फार मोठें होतें, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड अग्रभागीं होता. इतकें पुरे.

येथवर वाचून माझी भाची विजयानें पुतण्याकडे पाहील. परंतु तिलाहि एका वर्षाचा जबाब द्यावा लागेल. १९७१ सालीं पूर्व बंगालांतून सुमारें एक कोट निर्वासित आपल्या देशांत आले. त्यांच्या अन्नपाण्यासाठीं टपालावर पांच पैशांचें निराळें तिकीट लावावें लागे. आत्याबाईंच्या जुन्या पत्रांच्या पेटींत तीं पाकिटें अजून आहेत. 'आधीं घर पाहूं' असें म्हणण्यास त्या वेळीं जागाच उरली नव्हती. शेजाऱ्याची आग आपल्या ओसरीवर येऊन बसली होती. डिसेंबरांत तेरा दिवसांचें युद्ध झालें, बांगला देश स्वतंत्र झाला, निर्वासित परत गेले आणि आपलें सैन्यहि थोड्याच महिन्यांत माघारें आलें. हें केलें नसतें तर घर अधिक सुखी झालें असतें, असें मला प्रामाणिकपणें म्हणवत नाहीं.

उलट १९८७ सालीं श्रीलंकेंत शांतिसेना गेली, तेव्हां आरंभीं सर्वांस तें सत्कृत्य वाटलें. ज्यांच्या रक्षणासाठीं गेलों त्यांच्यांतल्याच सशस्त्र पक्षाशीं लढण्याची पाळी आली. सुमारें १,२०० जवान कामास आले, आणि १९९० च्या मार्चांत सेना परत आली ती दोन्हीं पक्षांस नकोशी होऊन. १९८७ हें वर्ष देशांत घोर अवर्षणाचेंहि होतें. दोन्हीं मोहिमांत जवानांचें शौर्य सारखेंच होतें. फरक एवढाच कीं, पहिल्या वेळीं काय साधावयाचें आणि परत केव्हां यावयाचें हें ठाऊक होतें, दुसऱ्या वेळीं नव्हतें.

तेव्हां फौज कधींच धाडूं नये, हा नियम टिकत नाहीं. आणि मोठ्या राष्ट्रानें ती धाडलीच पाहिजे, हाहि नाहीं. माझ्या मतें निर्णय कोणताहि होवो, बियाण्याचा डबा त्याच्या आधीं कुलुपांत गेलेला असावा. कारण युद्धाला आवाज असतो आणि अवर्षणाला नसतो. तोफ धडाडली कीं खजिना आपोआप उघडतो. खाऱ्या विहिरीसाठीं मात्र दहा वर्षें अर्ज करावे लागतात. ज्यांच्या हातीं एकच थैली असते, ते सज्जन असले तरी मोठ्या आवाजाकडेच वळतात. लिटनसाहेबांच्या वचनाचें हेंच झालें. वचन हें कुलूप नव्हे.

खरें कुलूप एकदां महाराष्ट्रानें घडवून दाखविलें आहे. बांगला देशाच्या विजयाचे हार सुकतात न सुकतात तोंच १९७२ चा दुष्काळ पडला. परदेशांतून आलेली लाल मिलो खाऊन आणि सुकडी वांटून लोकांनीं तें वर्ष काढलें. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं मागेल त्यास काम देण्याची जी योजना आंखली होती, तिचा ह्या संकटांत विस्तार झाला, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. खर्चासाठीं १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसविण्यांत आला. जितका कर जमेल तितकीच भर राज्यानें घालावयाची आणि तो निधि रोजगार हमीसच लावावयाचा, अशी कायद्याची बांधणी होती. शहरांतल्या पगारदारानें खेड्यांतल्या मजुरासाठीं दरमहा कांहीं द्यावें, आणि मजुरानें तें भीक म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मागावें! पुढें २००५ सालीं देशाचा रोजगार हमीचा कायदा झाला, त्यास ह्याच योजनेचा धडा उपयोगीं पडला. हें कुलूपहि निर्दोष ठरलें नाहीं. निधि सांठून राहिला आणि कामें निघालीं नाहींत, अशी तक्रार पुढें झालीच. २००६ सालीं पंतप्रधानांस विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटींची मदत जाहीर करावी लागली. शेतकरी आत्महत्या करीत होते, आणि त्या सहांत बुलढाणा होता. पण डबा निराळा आहे हें एकदां ठरलें म्हणजे 'त्यांतले पैसे कोठें गेले?' असें विचारतां तरी येतें. अफगाण युद्धाच्या वेळीं विचारणाऱ्यास कायद्याचा आधार नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्याशीं ह्याच गोष्टी बोलत आम्ही गांवाबाहेरच्या पाझर तलावाकडे फिरावयास गेलों. आत्याबाईहि काठी टेंकीत बरोबर आल्या. बांधाखालच्या विहिरींवर हरभऱ्याला पाणी सुरू होतें. पुतण्या बांधावर चढला आणि तेथून ओरडून विचारता झाला, "आत्याआजी, हा कधीं बांधला?"

"लढाईनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यांत," आत्याबाई म्हणाल्या. "माझे वडील हजेरी मांडीत, आणि मी त्यांचा डबा घेऊन येत असें. तूं उभा आहेस ना, तेथें बायकांची रांग होती."